गाडीत किती माणसं

"एक," ऑरिन हॉस्टेटर म्हणाला आणि रेडिओच्या बटणावरून बोट उचलायचं विसरला. त्यामुळे त्या शब्दामागून त्याची धापही हवेत गेली आणि सगळ्या लॅम्सन काउंटीनं ती ऐकली. ऐकणारच. इथं घरटी फ्रीजवर काउंटीचा रेडिओ ऐकायचा एक स्कॅनर खरखरत असतो. बायका बटाटे सोलता सोलता ऐकतात, कुणाचं गवत पेटलं, कुणाच्या छातीत दुखलं, कुठली गाडी निघाली आणि कुठली निघालीच नाही. कंट्रोल रूममधली पोरगी म्हणाली, "स्टेशन नऊची अँब्युलन्स, माणसं एक. समजलं." ते 'समजलं' तिनं इतकं हळुवार म्हटलं की त्यापेक्षा शिवी परवडली असती. लगेच तिनं स्टेशन चारला हाक मारली, काउंटीच्या पगारी स्टेशनला, आणि चारवाल्यांनी आधीच गाडीत बसून असल्यासारखी झटकन ओ दिली. ऑरिन टॅनरी रन गावाच्या उतारावर भोंगा वाजवत गाडी हाणत होता, शेजारची सीट रिकामी, मागचं स्ट्रेचर रिकामं, आणि त्याला वाटलं, आपण कपडे न घालता रस्त्यावर आलोय.

दोन म्हणता आलं असतं. नेहमी तेच म्हणत आले होते सगळे. वसंतात काउंटीनं नियम काढला, गाडी निघताना आत किती माणसं हे रेडिओवर सांगायचं, तेव्हापासून टॅनरी रनच्या मंडळींनी एक युक्ती बसवली होती. चालक एकटाच निघाला तरी 'दोन, एक वाटेत' म्हणायचं. वाटेतला तो माणूस कधी कधी खरंच असायचा, आपल्या दारात बूट चढवत उभा. कधी कधी नसायचा. मग तिथं पोचल्यावर गुपचूप दुसरी गाडी मागवायची. कुणी याला खोटं म्हणत नसे. आबरू म्हणत. कारण तीनदा पेजर वाजून गाडी निघाली नाही तर त्या कॉलपुढे 'नापास' असा शेरा पडतो, आणि असे शेरे काउंटी चालवणाऱ्या कमिशनरांच्या टेबलावर जमा होतात, आणि कमिशनर मान हलवून म्हणतात, ही फुकट राबणारी म्हातारी मंडळी आता पुरे, स्टेशन ताब्यात घेऊ. बटण दाबताना ऑरिनच्या जिभेवर 'दोन' तयार होतं. बाहेर 'एक' आलं. का आलं, हे त्याला दिवसभर कळणार नव्हतं. थकल्यामुळे असेल. मंगळवार होता म्हणून असेल. मंगळवारी सकाळी टॅनरी रनमध्ये माणूस असतोच कुठं. कागदाची गिरणी बंद पडल्यापासून पोरं तासभर लांबच्या गोदामात जातात, आणि गोदामाचा मालक पेजर वाजला म्हणून कुणाला सोडत नाही. पूर्वी गिरणीचा भोंगा आणि आगीचा भोंगा एकच होता. फोरमन स्वतः ओरडायचा, जा रे, मशीन मी बघतो. आता उरले निवृत्त झालेले. त्यातला एक डोळ्यांच्या डॉक्टरकडे, एक मुलीकडे, आणि चीफ लॉयड स्टॅम्बॉ गाय विकायला बाजारात. निघण्याआधी स्टेशनचं शटर वर करून ऑरिन उभा राहिला होता. डिझेल, रबर आणि कालच्या कॉफीचा वास. रस्त्याकडे बघत होता. पूर्वी या वळणावरून एकामागून एक पिकअप धूळ उडवत यायच्या, दारं उघडी टाकून माणसं पळत सुटायची, त्यात त्याचा बापही असायचा, एक पाय बुटात आणि एक मोज्यात. वळणावर एक बाई कुत्रा फिरवत होती. तिनं त्याला हात केला. ओक क्रेस्टमधली असणार. नव्या वस्तीचं नाव ओक क्रेस्ट, आणि होती तेवढी ओकची झाडं पाडूनच ती उभी राहिलेली. शहरातून आलेले चांगले लोक. फोन केला की पिझ्झा येतो तशी अँब्युलन्स येते असं त्यांना वाटतं. आमच्या कंपनीत, म्हणजे बंबावर फुकट राबणाऱ्यांच्या मंडळात, या म्हटलं की मुलांचे फुटबॉलचे सराव असतात, बंबासाठी आगीचा कर लावू म्हटलं की मात्र सभेत बसायला खुर्ची पुरत नाही. ऑरिननं त्या बाईला उलट हात केला. तिचा काय दोष. तिनं कधी या रस्त्यावर धूळ पाहिलीच नव्हती.

कॉल हॉलर रोडचा होता. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पडलेली, श्वासाला त्रास. कंट्रोलनं नाव सांगितलं नव्हतं, सांगायची गरज नव्हती. हॉलर रोडवर त्या वयाची एकच, युला ब्रुबेकर. टॅनरी रनचा बंब, अँब्युलन्स, छप्पर, पाण्याचे पाइप, सगळं युलाच्या कोंबडीवर चाललं होतं असं म्हटलं तर खोटं नाही. काउंटी वर्षाला एक चेक पाठवायची, त्यात डिझेल आणि विमा कसाबसा भागायचा. बाकी सगळं शनिवारच्या जेवणावळीतून. स्टेशनच्या मागे लांबलचक खड्ड्यात कोळसे, वर जाळ्या, जाळ्यांवर अर्ध्या कापलेल्या कोंबड्या, आणि युला हातात व्हिनेगरची पिचकारी घेऊन बंबाच्या चीफपेक्षा मोठ्या आवाजात हुकूम सोडायची. कोंबडी उलटायला कुणी घाई केली की चिमट्यानं बोटांवर मारायची. ऑरिनच्या करंगळीवर तिचा एक डाग होता. नव्या बंबाचे हप्ते फिटले त्या शनिवारी तिनं बंबाच्या चाकाला कोंबडीचा एक पाय वाहिला होता आणि म्हणाली होती, खा बाबा, तुझ्यासाठीच एवढ्या जणी मेल्या. ऑरिन आणि नेडाचं लग्नाचं जेवणही स्टेशनच्याच हॉलमध्ये, युलाच्याच हातचं. केक कापायच्या वेळी पेजर वाजले होते. नवरदेव, नवरीचा बाप, बाजा वाजवणारा आणि निम्मे पाहुणे उठून पळाले. एका गोठ्याला आग होती. तासाभरानं सगळे परत आले, काळे, ओले, धुराचा वास मारत, तर नेडा तशीच केकपुढे बसलेली आणि युला सुरी घेऊन पहारा देत होती. नेडा एवढंच म्हणाली होती, "गाई वाचल्या का?" ऑरिनला वाटतं, त्याचं खरं लग्न त्या प्रश्नाशी लागलं.

युला स्टोव्ह आणि टेबल यांच्या मधे पडली होती, फुलाफुलांच्या झग्यात, एका कुशीवर. ओठ निळसर. श्वास आत जाताना बुडबुड्यांसारखा आवाज होत होता.

"कोण?"

"मी आहे, युला. ऑरिन."

"बूट पुसलेस का?"

"पुसले."

"खोटारडा."

त्यानं गुडघे टेकले, सिलिंडर उघडला, तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. एवढं त्याला येत होतं. तिला टेबलाच्या पायाला टेकवून जरा बसतं केलं, म्हणजे श्वास सोपा होतो, हेही येत होतं. त्यापुढचं येत नव्हतं. तो चालक होता, जन्मभर चालक. मागच्या भागात काय करायचं ते दुसरे करायचे, आणि ते दुसरे आता मेलेले, फ्लोरिडाला गेलेले किंवा गोदामात होते. परीक्षा देऊन शिकायची तर दीडशे तासांचा वर्ग, रात्री, काउंटीच्या दुसऱ्या टोकाला. तो नाव घालून आला होता आणि दुसऱ्याच आठवड्यात झोप लागून वहीवर डोकं टेकलं होतं. युलानं त्याच्या हाताचं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी, पण पकड चिमट्याची. डोळे मिटलेलेच. मास्कच्या आतून तिनं विचारलं, "कोण कोण आलंय?"

हा प्रश्न टॅनरी रनमध्ये माणसं पडल्या पडल्या विचारतात. घर जळत असताना अंगणात ब्लँकेट पांघरून उभ्या असलेल्या बायका विचारतात. कारण येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी कुणीतरी असतो, आणि नावं कानावर पडली की भीती निम्मी होते. ऑरिननं त्या निळ्या ओठांकडे पाहिलं.

"सगळे आलेत," तो म्हणाला.

"लॉयड?"

"बाहेर आहे. गाडी वळवतोय."

"त्याला सांग, माझं मोठं भांडं परत आण म्हणावं. ईस्टरला नेलंय मेल्यानं."

"सांगतो."

"आणि त्या सगळ्यांना म्हणावं, गवतावरून गाड्या घालू नका."

"नाही घालणार."

स्टेशन चारची गाडी अंगणात थांबली तेव्हा ती बोलायची थांबली होती आणि ऑरिन तिच्या श्वासांबरोबर श्वास घेत होता, जणू त्यानं सोडला तर तीही सोडेल. आत आली ती पस्तिशीची एक बाई, पाठीवर पेटी, केस करकचून बांधलेले. छातीवर नाव, रेनाटा ओकासिओ. मागून तिचा जोडीदार, एक उंच गप्प माणूस. अशा लोकांना टॅनरी रनमध्ये 'आठ ते चार' म्हणत, पगारी म्हणून. प्रत्यक्षात ते चोवीस तास ड्यूटी करतात, पण टोमणा मारायला बरा पडतो. लॉयड तर म्हणायचा, त्यांना पगार थांबला तर ते आगीतून अर्धी शिडी उतरून घरी जातील. रेनाटानं युलाकडे पाहिलं, ऑरिनकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, दाराकडे.

"तुमचे बाकीचे?"

ऑरिननं नुसती मान हलवली. युलाच्या डोक्यावरून, तिला दिसणार नाही अशी. मग ओठांनी, आवाज न करता, 'सगळे' म्हणाला आणि बोटानं युलाकडे दाखवलं. हे कुणाला काय समजणार, त्याचं त्यालाच वाटलं. रेनाटा गुडघ्यावर बसली, युलाच्या दंडाला पट्टा बांधला आणि तिच्यावरून मान वळवून रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "चला रे सगळे, जरा मागे व्हा. मला जागा द्या. कोण तो खिडकीत? उजेड येऊ दे."

मास्कच्या आत युलाचे ओठ हलले. हसली असावी.

तिच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. रेनाटानं सुई लावली, तोंडावर दाबाचं यंत्र बसवलं, तिला गाडीत चढवलं, जोडीदाराला मागे आपल्याबरोबर घेतलं आणि ऑरिनला म्हणाली, "काका, तुम्ही चालवाल? आम्हाला दोघांनाही मागे लागेल." आपली गाडी युलाच्या गवतावर सोडून ऑरिन काउंटीच्या गाडीच्या चाकामागे बसला. स्टिअरिंग गरम होतं, दुसऱ्या कुणाच्या हातांनी गरम. मागून रेनाटाचा आवाज येत होता, युलाबाई, इकडे बघा, युलाबाई, कोंबडी कशी करता तेवढं मला सांगा, बोलू नका, नुसती मान हलवा, व्हिनेगर? मीठ? आणि ऑरिनला वाटलं, हे आपलंच कुणीतरी बोलतंय. आणि मग त्याला राग आला. कशाचा, हे धड सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं ज्या लोकांना तो परका समजत आला त्यांच्यात असं कुणी असू नये असं त्याला वाटत होतं. त्यांनी कोरडं असायला हवं होतं, घड्याळ बघायला हवं होतं, म्हणजे सोपं झालं असतं.

हॉस्पिटलच्या मागच्या दारात, गाडीच्या पायरीवर बसून रेनाटानं त्याला कागदी कपातून कॉफी दिली.

"जगेल ना?" ऑरिननं विचारलं.

"आता तरी जगेल. हृदय थकलंय. पण बोलतेय, म्हणजे भांडतेय. नर्सला म्हणाली, उशी धुवून घ्या."

"तिला बिल जाईल का?"

"विम्याला जाईल. बाईंच्या घरी एक कागद येईल, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल, हे बिल नाही. तरी सगळ्या म्हाताऱ्या घाबरून फोन करतात. तुम्ही तिला आधीच सांगून ठेवा."

"आम्ही कधी कुणाला बिल लावलं नाही."

"माहितेय," रेनाटा म्हणाली. "माझ्या आईच्या गावात पण नव्हतं लावत. नंतर तिथं कुणी गाडीच नव्हतं काढत." तिनं कप चुरगळला. "तुम्ही एक म्हणालात म्हणून आम्ही लगेच निघालो. दोन म्हणाला असतात तर तुमचा फोन येईपर्यंत आम्ही स्टेशनातच बसलो असतो. इथले सगळे दोन म्हणतात, काका. आम्हाला ठाऊक आहे. आम्ही चावी लावून बसतो. पण कंट्रोलनं हाक मारल्याशिवाय निघता येत नाही."

त्यांना ठाऊक होतं. ते चावी लावून बसत. ऑरिनच्या डोळ्यांपुढे ते आलं, स्टेशन चारमध्ये दोन माणसं गाडीत बसलेली, पट्टे लावलेले, इंजिन सुरू, आणि टॅनरी रनची आबरू संपायची वाट बघतायत.

घरी नेडानं बीन्सचं सूप पुढ्यात ठेवलं. फ्रीजवरचा स्कॅनर तिनं बंद केला होता. गेल्या कित्येक वर्षांत तो बंद असा त्यानं पाहिला नव्हता.

"ऐकलंस ना?" तो म्हणाला.

"ऐकलं."

"मग?"

"मग काय. एकटाच होतास, तर एक म्हणालास." तिनं ब्रेड मोडून त्याच्या बशीत ठेवला. "मी घरात बसून चाळीस वर्षं मोजतेय, ऑरिन. हा नियम आल्यापासून तुम्ही दोन म्हणायचात तेव्हा दुसरा कोण, हे मला नेहमी माहीत असायचं. कारण त्याची बायको मला फोन करून सांगायची की तो टीव्हीपुढे घोरतोय."

संध्याकाळी सभा होती. आज अचानक बोलावलेली नव्हे, महिनाभर आधी ठरलेली. काउंटीचा प्रस्ताव मतदानाला होता. इमारत, बंब, अँब्युलन्स काउंटीच्या नावावर करायची. काउंटी आगीचा कर लावणार, घराच्या किमतीप्रमाणे, ओक क्रेस्टलाही. त्या पैशातून दोन पगारी माणसं रात्रंदिवस स्टेशन नऊमध्ये. म्हाताऱ्यांना हवं तर येता येईल, कोंबडी भाजता येईल, पण गाडीवर कोण चढेल ते काउंटी ठरवणार. ऑरिन कंपनीचा अध्यक्ष, आणि हे कधी होऊ द्यायचं नाही असं त्यानंच दोन वर्षं सगळ्यांना सांगितलेलं. आज त्याला पांढरी गोटी, म्हणजे होकाराची, टाकायची होती, आणि आपण टाकली तर आपल्या बापापासूनची ही कंपनी आपल्या हातानं पुरली असं होणार होतं. नाही टाकली तर कुठल्यातरी मंगळवारी कुणीतरी स्टोव्हपाशी पडून विचारणार होतं, कोण कोण आलंय.

हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, भिंतीवर मेलेल्या चीफांचे फोटो, आणि लॉयड स्टॅम्बॉ दारातच उभा, अजून गोठ्याचा वास मारत.

"एक?" तो म्हणाला. "एक म्हणालास? काउंटीला ऐकू जाईल असं? आज? मतदानाच्या दिवशी?"

"एकटाच होतो."

"मी बाजारातून निघालोच होतो. मला धरायचंस. मला वाटेत धरायचंस, म्हाताऱ्या, आजवर मी तुला धरत आलो नाही का?"

"तू चाळीस मैलांवर होतास, लॉयड. गाय घेऊन."

"गाय पण धरली असतीस तर तीन झाले असते," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. लॉयडही हसला, मग त्याला आठवलं की तो रागावलाय.

चर्चा झाली. प्रत्येकानं उठून तेच सांगितलं जे गेली दोन वर्षं सांगत होते. आपला घाम, आपली कोंबडी, आपल्या बापांचे फोटो. काउंटी एक दिवस बंब लिलावात काढेल. कमिशनर कधी शिडीवर चढलेत का. आवाज चढत होते, टेबलं बडवली जात होती, आणि ऑरिन अध्यक्षाच्या खुर्चीत बसून त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होता आणि त्याला ते सगळे फार आवडत होते. कुणाचा गुडघा धातूचा, कुणाच्या छातीत यंत्र, एकाच्या कानातलं मशीन शिट्टी मारतंय. हीच माणसं त्याच्या बापाला विहिरीतून वर काढायला उतरली होती. यांच्यापैकी एकालाही शिडी चढता येत नाही, आणि एकही जण तसं म्हणायला तयार नाही. त्यानं युला बरी आहे एवढं सांगितलं, आणि लॉयडला भांड्याचं सांगितलं. मग पेटी फिरवली.

मतदानाची पेटी अक्रोडाच्या लाकडाची आहे. पुढे एक भोक, त्याला कातडी पडदा. आत हात घालायचा, दोन वाट्या हाताला लागतात, एकीत पांढऱ्या गोट्या, एकीत काळ्या, पांढऱ्या गुळगुळीत आणि काळ्या मुद्दाम खरबरीत केलेल्या, म्हणजे न बघता कळतं. हवी ती मागच्या कप्प्यात सोडायची. नव्या माणसाला कंपनीत घ्यायचं की नाही हे ठरवायला ही पेटी केली होती. नवा माणूस येऊन किती वर्षं झाली. पेटी एकेकापाशी गेली. प्रत्येक जण हात घालताना छताकडे बघत होता. लॉयडनं हात घातला तो बराच वेळ आतच ठेवला, मग नाक शिंकरलं. शेवटी ऑरिन. गुळगुळीत गोटी बोटांत आली. त्याला करंगळीचा डाग कातड्याला घासलेला जाणवला. त्यानं सोडली. टक असा आवाज झाला, आणि त्याला वाटलं तो सगळ्यांना ऐकू गेला.

मागचा कप्पा त्यानंच ओढून बाहेर काढला, नियमच तसा. आत पांढरंच पांढरं. मधे एकच काळी.

हॉलमध्ये कुणी हललं नाही. ज्यांनी टेबलं बडवली होती त्यांचे हात अजून टेबलांवरच होते. कुणी कुणाकडे बघेना. प्रत्येक जण जमिनीकडे, शेजाऱ्याच्या बुटांकडे, फोटोंकडे बघत होता. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत आलं होतं की दमलोय तो मी एकटाच, बाकीचे सगळे ताठ उभे आहेत, त्यांना कळता कामा नये. आता त्या कप्प्यात सगळ्यांचा थकवा एका ठिकाणी, उघडा, पडला होता. कानातल्या मशीनची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

मग हळूहळू एकेक नजर उठली आणि ऑरिनवर येऊन थांबली. रागानं नव्हे. त्या काळ्या गोटीकडे बघून मग त्याच्याकडे बघत होते, जसं घरातल्या हट्टी माणसाकडे बघतात, ज्याच्यामुळे घराला घर म्हणतात. लॉयड खुर्च्यांमधून वाट काढत आला आणि त्यानं आपला जड हात ऑरिनच्या खांद्यावर ठेवला.

"कुणीतरी टाकायलाच हवी होती," तो म्हणाला. "नुसती पांढरी पेटी गेली असती तर कसं दिसलं असतं. बरं झालं, तू टाकलीस."

ऑरिननं तोंड उघडलं. त्याच्यासमोर सगळे होते, धातूचे गुडघे, यंत्राच्या छात्या, ओले डोळे, आणि त्यांच्यातच कुठंतरी तो एक जण, ज्यानं ती खरी टाकली होती आणि जो आता गप्प बसून हा मान त्याला देऊन टाकत होता.

"हो," ऑरिन म्हणाला. "म्हटलं, एक तरी असू दे."